पंप किती लिटरचा, हा नंतरचा प्रश्न: २०० लिटरच्या टाकीचं एक प्रकरण

माशांची टाकी आतल्या मापाने १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच. काठोकाठ भरली तर २७० लिटर. पण काठोकाठ कोणी भरत नाही. तळापासून ४६ सेंमीपर्यंत पाणी, त्यातली खालची ६ सेंमी वाळू, म्हणजे मोकळं पाणी ४० सेंमी. त्यातून दगड आणि एक भलंमोठं ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड) वजा केलं की फिरणारं पाणी २०० लिटरच्या आसपास उरतं. पुढचा प्रत्येक हिशोब या २०० वर चालतो. पंप घेताना टाकीवर लिहिलेला आकडा धरला तर इथेच चौथा हिस्सा चुकतो.

मासे म्हणाल तर एंजलची एक जोडी, निऑन टेट्रांचा थवा आणि तळाशी कोरिडोरासची टोळी. झाडं कमी उजेडात भागवणारी: ॲन्युबियास, जावा फर्न, मागच्या काचेला व्हॅलिस्नेरिया. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही. खालच्या कपाटात उजव्या बाजूला कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे एका नळीने टाकीतलं पाणी घेऊन, गाळून दुसऱ्या नळीने परत सोडणारा बंद डबा, आणि त्याच्यावर छापलेलं ‘ताशी १००० लिटर’.

टाकी ज्यांची, त्या ताईंच्या तक्रारी तीन. पाण्यावर तेलकट तवंग, तोही फक्त डाव्या बाजूला. ड्रिफ्टवूडच्या मागे वाळूवर निळसर-हिरवा पापुद्रा, हाताने उचलला तर सलग निघतो आणि त्याला उग्र वास येतो. आणि पहाटे, दिवे लागायच्या आधी, दोन्ही एंजल पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करत उभे. कोरिडोरास अधूनमधून वर झेप घेऊन हवा गिळतात, ही त्यांची जातीची सवय आहे. आतड्यातून हवेतला ऑक्सिजन घेण्याची सोय त्यांच्याकडे असते. पण इथे त्या झेपा सारख्या चालू होत्या. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की त्या वाढतात.

उपाय ताईंनी आधीच ठरवला होता: मोठा पंप. माझ्याकडून फक्त ‘किती मोठा’ एवढंच हवं होतं.

आधी बादली

“अहो, हजार लिटरचा फिल्टर आहे. दोनशे लिटर पाण्याला पाचपट झाला की. मग कमी कसा पडतो?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. गोड्या पाण्याच्या सर्वसाधारण टाकीत फिल्टरमधून तासाला पाण्याच्या चार ते सहापट प्रवाह असावा, हा छंदातला रुळलेला ठोकताळा आहे, आणि कागदावर तो इथे तंतोतंत बसत होता.

मोजायला १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. फक्त एक गोष्ट पाळावी लागते. फिल्टरची परतीची नळी सोडवून तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरायचं आणि बादली स्टुलावर ठेवून त्याच्या लगेच खाली आणायची. नळी जमिनीपर्यंत खाली नेली तर सायफनचा जोर पंपाला मदत करतो आणि आकडा फुगून येतो. बरेच जण असंच मोजतात आणि पंप उत्तम आहे म्हणून खूश होतात.

बादली भरायला ९० सेकंद लागले. म्हणजे ताशी ४०० लिटर. पाचपट नाही, दुप्पट.

यात कंपनीने फसवलं असं काही नाही. डब्यावरचा आकडा पंपाला कुठलाही अडथळा नसतानाचा असतो: आत स्पंज नाही, नळी नाही, वर चढायचं नाही. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ‘कमाल उंची’ लिहिलेली असते, आणि त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. पंप प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. कुठे, ते त्याच्या आलेखावरून कळतं. ज्या पंपासोबत असा आलेख मिळतो तो मी आधी बघतो.

कॅनिस्टरच्या बाबतीत उंचीचा प्रश्न जवळजवळ मिटतो, कारण पाणी जितकं खाली उतरतं तितकंच परत वर चढतं. उरतं ते घर्षण. नळ्या सोडवून पाहिल्या तर आतून तपकिरी बुळबुळीत थर बसलेला. १६ मिमी व्यासाच्या नळीत पावणेदोन मिमीचा थर बसला की वाट साडेबारा मिमीची उरते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण तेवढंच पाणी ढकलायचं तर व्यास घटेल तसा घर्षणाचा तोटा साधारण पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे इथे जवळपास साडेतीन पट. वळणं, झडपा आणि फिल्टरमधला बुजलेला बारीक फायबर वेगळाच.

नळ्या लांब ब्रशने घासल्या. फायबर बदलला. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळले, नळाखाली नाही, कारण क्लोरीनच्या पाण्याने त्यावरचे कामाचे जिवाणू मरतात. पुन्हा बादली लावली: ६० सेकंद, ताशी ६०० लिटर. तिप्पट.

इथे मी ताईंना थांबायला सांगितलं. पंपाचं नाव काढायचं नाही, आठवडाभर टाकी अशीच चालू द्यायची. फिल्टरची सफाई आणि नवा पंप एकाच दिवशी केला असता तर नंतरच्या सुधारणेचं श्रेय कोणाला द्यायचं ते कधीच कळलं नसतं.

पाणी जातं कुठे

आठवड्यानंतर उजवीकडची झाडं आधीपेक्षा जास्त डुलत होती. डावीकडचा तवंग होता तसाच. पापुद्रा काढला होता तिथे पुन्हा हिरवी झाक आलेली. पहाटेची घुसमट थोडी कमी, पण होतीच.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचण्यांत शून्य आले, नायट्रेट माफक. म्हणजे फिल्टर त्याचं मुख्य काम, घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम, चोख करत होता. मोठ्या फिल्टरची गरज यावरूनच बाद झाली.

मग सगळे दिवे लावून सुक्या खाद्याची अगदी बारीक पूड चिमूट-चिमूट वेगवेगळ्या जागी सोडली. ही चाचणी मला कुठल्याही सूत्रापेक्षा भरवशाची वाटते. फिल्टर कपाटात उजवीकडे असल्याने त्याची आत घेणारी नळी आणि परतीचं तोंड दोन्ही टाकीच्या उजव्या टोकाला होती. परतीचं तोंड पुढच्या काचेकडे वळवलेलं. पूड पुढच्या काचेपर्यंत गेली, खाली वळली आणि गोल फिरून थेट आत घेणाऱ्या नळीत गेली. टाकीचा उजवा तिसरा हिस्सा पुन्हा पुन्हा गाळला जात होता. मधल्या भागात पूड रेंगाळली. ड्रिफ्टवूडच्या मागे सोडलेली पूड सरळ खाली बसली, आडवी हललीच नाही.

तिन्ही तक्रारी तिथे जुळल्या. वाळूवरचा पापुद्रा हा सायनोबॅक्टेरियाचा. त्याला सगळे शेवाळ म्हणत असले तरी तो जिवाणूंचा थर आहे, आणि साचलेल्या, गाळ बसणाऱ्या कोपऱ्यात तो आवडीने पसरतो. तवंग पृष्ठभागावर हालचाल नसल्याने जमलेला. पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो पृष्ठभागातून, आणि तवंग नेमकी तीच वाट अडवतो. रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटेला साठा सर्वात कमी. त्यात पाणी जितकं गरम तितकी त्याची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद कमी: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. ताईंची टाकी उन्हाळ्यात तिशीला टेकायची.

ड्रिफ्टवूडच्या वरच्या फांदीवर काळं, ब्रशच्या केसांसारखं शेवाळही होतं, आणि पंपाने तेही जाईल अशी ताईंना आशा होती. त्याबद्दल मी आधीच नाही म्हटलं. ते शेवाळ वाहत्या पाण्यातही मजेत वाढतं. कित्येकदा तर फिल्टरच्या तोंडावरच सापडतं. शेवाळ दिसलं की प्रवाह वाढवा, हा सल्ला सरसकट दिला जातो. तो निम्म्या वेळाच लागू पडतो.

समोर असलेले पर्याय

दुप्पट ताकदीचा कॅनिस्टर बाद का, ते वर आलंच. तो घेतला असता तरी नळ्या त्याच टोकाला राहिल्या असत्या आणि तोच उजवा हिस्सा दुप्पट वेगाने गाळला गेला असता.

टाकीखाली संप, म्हणजे पाणी उतरवून, गाळून पंपाने परत वर चढवायची दुसरी टाकी, करायचा विचार ताईंच्या मुलाने मांडला. काचेला भोक नाही, कपाट लहान, त्यामुळे बोलणं लांबलं नाही. पण संपवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो: तिथे पंपाला खरोखर उंची चढावी लागते. कमाल उंची दीड मीटर असलेला पंप सव्वा मीटर वर पाणी चढवायला लावला तर डब्यावरच्या प्रवाहाच्या निम्म्याहूनही कमी हाती येतो.

एअर पंप आणि एअर स्टोन हा पर्याय मी शेवटपर्यंत सोडला नव्हता. सिलिंडर नसलेल्या टाकीत बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड उडून जायची चिंता नसते, त्यामुळे तो वाईट मुळीच नाही. बुडबुडे वर येताना पाणी सोबत ओढतात, पृष्ठभाग फुटतो, तवंग मोडतो. पहाटेची तक्रार तेवढ्याने बहुधा मिटली असती. पण तो पाणी उभं फिरवतो. १२० सेंमी लांबीच्या टाकीत लाकडामागची वाळू त्याने झाडली गेली नसती.

राहिले दोन: जुन्या धाटणीचा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा, बारीक तोंडातून धार सोडणारा पंप, आणि पंख्याचा फिरता पंप, ज्याला सगळे वेव्हमेकर म्हणतात. खरी निवड इथे होती आणि आकडे इथेच सर्वात जास्त फसवतात.

पाहिलेला पॉवरहेड ताशी १२०० लिटरचा, २० वॅटचा, तोंड १५ मिमीचं. पंख्याचा पंप ताशी १६०० लिटरचा, ४ वॅटचा, जाळीचं तोंड ४ सेंमीचं. ताईंना साहजिकच दुसऱ्याची धास्ती वाटली. एंजलचे पंख लांब, अंग पसरट, ते संथ पाण्यातले मासे. १६०० लिटरच्या झोतात त्यांचं काय होईल?

पण माशाला लिटर जाणवत नाहीत, वेग जाणवतो. वेग म्हणजे प्रवाह भागिले तोंडाचं क्षेत्रफळ. १२०० लिटर १५ मिमीच्या तोंडातून सेकंदाला जवळपास १.९ मीटर वेगाने बाहेर पडतात. १६०० लिटर ४ सेंमीच्या तोंडातून सेकंदाला सुमारे ३५ सेंमीने. पाणी जास्त आणि वेग पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पॉवरहेडमधला इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) पाण्याला दाब देण्यासाठी असतो, म्हणून तो नळीतून चढवायला, स्पंजमधून ओढायला चांगला. पंख्याला दाब जवळजवळ नसतोच. त्याला नळी जोडली तर तो हतबल होतो. पण मोकळ्या पाण्यात रुंद, सैल प्रवाह तयार करण्याचं काम तो किरकोळ विजेवर करतो. पॉवरहेडच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्याची धार जास्त लांब पोचते. मोठ्या, दाट दगडांच्या टाकीत मी त्याचा विचार केला असता. इथे त्या धारेसमोर एंजल आले असते.

उष्णतेचा मुद्दा क्वचितच कोणी काढतो. बुडालेल्या पंपाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते. २०० लिटरला २० वॅट म्हणजे, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर, दिवसाला दोन अंश. प्रत्यक्षात ती काचेतून आणि बाष्पीभवनातून जात राहते, त्यामुळे वाढ याहून कमीवर थांबते. पण आधीच तिशीला टेकणाऱ्या टाकीत तेवढीही नको. ४ वॅटला हाच आकडा दिवसाला ०.४ अंश. विजेचं बघायचं तर वर्षभर अखंड चालून एक १७५ युनिट खातो, दुसरा ३५.

निवड आणि जागा

पंख्याचा पंप घ्यायचं ठरलं. त्यातही अडॅप्टरवर चालणारा डीसी, वेग कमी-जास्त करता येणारा. थेट मेनवर चालणारे साधे पंप एकाच वेगाने फिरतात, आणि आमच्याकडे हातात घेऊन ठरवण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. शिवाय डीसी पंपाची पाण्यात बुडणारी वायर कमी व्होल्टची असते. तरीही फिल्टरचा प्लग मेनवरच होता, म्हणून दोन्हींसाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री केली आणि वायरींना सॉकेटच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून ठिबकतं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे ताईंना सांगावं लागलं नाही.

चुंबकाचा स्टँड घेताना काचेची जाडी पाहिली. ही काच १० मिमीची. चुंबक त्याहून पातळ काचेसाठीचा असेल तर पंप थरथरत हळूहळू खाली घसरतो. आणि घसरून वाळूकडे तोंड केलं की रात्रीत खड्डा.

फिल्टरचे ६०० आणि पंपाचे १६०० मिळून २२०० लिटर, म्हणजे पाण्याच्या अकरापट. चार-ते-सहापटीचा ठोकताळा लावणारा इथे दचकेल. पण तो ठोकताळा गाळण्याचा आहे. पंखा पाणी गाळत नाही, नुसतं हलवतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज करून तुलना करण्यात अर्थ नाही. प्रवाळ असलेल्या सागरी टाक्यांत एकूण हालचाल तासाला २० ते ४० पट ठेवतात, कधी त्याहून जास्त. पंख्याच्या पंपांच्या डब्यांवरचे ‘इतक्या लिटरच्या टाकीसाठी’ हे शिक्के बहुधा त्याच हिशोबाने छापलेले असतात. गोड्या पाण्याला ते जसेच्या तसे घेऊ नयेत.

जागेवरून थोडी खळखळ झाली. ताईंना पंप दिसायला नको होता, म्हणून तो डाव्या मागच्या कोपऱ्यात, ड्रिफ्टवूडच्या आड, तोंड उजवीकडे करून बसवला. पूड सोडली. पंपाचा प्रवाह आणि फिल्टरचा प्रवाह टाकीच्या मधोमध समोरासमोर आले, आणि गाळ नेमका तिथे बसू लागला. एक कोपरा जिवंत करून मध्यभाग मारला.

मग दोन बदल केले. फिल्टरचं परतीचं तोंड मागच्या काचेला समांतर, डावीकडे वळवलं. पंप डाव्या काचेवर पुढच्या बाजूला आणला, पाण्याखाली दहाएक सेंमी, तोंड पुढच्या काचेला समांतर उजवीकडे आणि किंचित वर. आता फिल्टरचं पाणी मागच्या काचेने, लाकडाच्या पाठीमागून, डावीकडे जातं. तिथे पंप ते ओढून घेतो आणि पुढच्या काचेने उजवीकडे परत धाडतो, आणि उजव्या टोकाला फिल्टरची आत घेणारी नळी गाळासकट ते उचलते. पाण्याची एकच मोठी आडवी फेरी. मधला भाग तुलनेने संथ, आणि एंजलनी तोच धरला.

वेग सर्वात कमीवर सुरू केला आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उठेपर्यंतच वाढवला. पूर्ण क्षमतेची गरज पडली नाही. पंप समोरच्या काचेशी दिसतो, आणि ताईंची त्याबद्दलची नाराजी आजही आहे.

पुढे काय झालं

तवंग दोनेक दिवसांत गेला. सफाईनंतरच्या आठवड्यात तो हटला नव्हता, त्यामुळे याचं श्रेय पंपाला आणि वळवलेल्या तोंडाला निःशंक देता येतं. पापुद्रा सायफनने ओढून काढला, तो त्या जागी परत आला नाही. पहाटे एंजल खाली, झाडांत असतात. यात थोडा वाटा नळ्यांच्या सफाईचाही आहे. कोरिडोरास पुढच्या काचेशी प्रवाहाच्या विरुद्ध पोहत बसतात, परत मागे येतात, पुन्हा पोहतात. त्यांच्या झेपा पुन्हा अधूनमधूनच्या झाल्या.

साध्या थर्मामीटरवर तापमानात फरक दिसला नाही. बाष्पीभवन मात्र वाढलं आणि वरून पाणी घालण्याची खेप लवकर येऊ लागली. काळं शेवाळ फांदीवर जसंच्या तसं आहे.

खाऊ घालताना एक अडचण आली. चुरा पडल्या पडल्या उजवीकडे वाहून फिल्टरच्या नळीत जायचा आणि निऑन उपाशी राहायचे. या पंपाला खाद्यवेळेचं बटण आहे, दहा मिनिटं थांबून तो आपोआप सुरू होतो. असं बटण नसेल तर प्लग काढावा लागतो आणि मग लावायचा विसरतो, म्हणून निवडताना ही सोय मी फालतू मानत नाही.

देखभालीत पंप दर काही महिन्यांनी सोडवून, पंखा आणि दांडी वेगळी करून, व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात भिजवायची आणि स्वच्छ धुवायची. कठीण पाण्यात दांडीवर चुन्याचा थर बसतो. असा पंप चालू असेपर्यंत कुरकुरत का होईना चालतो आणि वीज जाऊन आली की अडकतो. म्हणून ताई आठवड्यातून एकदा तो मुद्दाम बंद करून चालू करून बघतात. जाळीत व्हॅलिस्नेरियाची पानं गुंततात, ती त्याच वेळी निघतात.

ताई आता एंजल देऊन डिस्कस मासे आणायच्या विचारात आहेत. डिस्कसला पाणी आणखी गरम लागतं, म्हणजे ऑक्सिजन आणखी कमी, आणि प्रवाह एंजलहूनही संथ हवा. पंप तोच राहील, वेग खाली येईल, आणि पृष्ठभाग हलता ठेवायला तेव्हा बाद केलेला एअर स्टोन डाव्या कोपऱ्यात लावावा लागेल असं मला वाटतं. पूड सोडून बघू.